भोवऱ्याला धरणारे अण्णा

आमचा सुपरहिरो उडायचा नाही, भिंतीवर चढायचा नाही, डोळ्यांतून जाळ काढायचा नाही. तो एका जागी उभा राहून गर्रकन फिरायचा. त्या वाऱ्यानं गुंड उडून कुठंतरी पडायचे आणि अंक संपायचा. त्याचं नाव 'भोवरा'. दर महिन्याला बत्तीस पानांचा एक अंक शाहूपुरीतल्या आमच्या छापखान्यातून निघायचा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं असायचं. ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'मराठी महानायक घडवताना' असा भारदस्त विषय देऊन लेख मागितला, तेव्हा मला आधी हसू फुटलं. घडवतोय कोण? भोवरा आमच्या चित्रकाराच्या आळसातून जन्मला.

चित्रकार शशी. माणसाचा चेहरा काढावा तर शशीनंच. समोरच्याची दाढ कालपासून ठणकतेय हेसुद्धा त्याच्या पेन्सिलीला कळायचं. पण मारामारी काढायचा त्याला मनस्वी कंटाळा. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत गेलंय, वर उडालेला पाय नेमका कुणाचा, हे बघताना त्याचं डोकं उठायचं. मालकांनी सुपरहिरोचं खूळ काढलं तेव्हा ह्या पठ्ठ्यानं सुचवलं की हिरो फिरणारा करू. सात-आठ गोल रेघा मारल्या, खाली दोन बूट काढले की झाली मारामारी. वाचलेला सगळा वेळ तो बघ्यांवर घालवायचा. कोल्हापुरात भांडण लागलं की किती माणसं जमतात आणि काय काय तोंडं करून उभी राहतात, ते वेगळं सांगायला नको. त्यामुळं हिरो म्हणजे नुसत्या रेघा आणि भोवतीची गर्दी मात्र जिवंत, असा प्रकार पहिल्या अंकापासून होता.

माझं काम फुगे भरायचं. कॉमिकमध्ये पात्राच्या तोंडातून एक पांढरा फुगा निघालेला असतो, त्यात ते काय बोलतंय ते हातानं लिहायचं. मी चित्रकलेचा कोर्स केलेला, शिवाजी पेठेत घरी बसून लग्नपत्रिकांची अक्षरं काढून देत होते, तिथून मालकांनी मला उचललं. वळणदार अक्षरासाठी घेतलेली बाई, पण पहिल्याच महिन्यात कळलं की फुग्यात काय लिहायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. बाकी जगात आधी गोष्ट लिहितात, मग चित्रं काढतात, असं मी पुढं ऐकलं. आमच्याकडं मालक उभ्या उभ्या शशीला गोष्ट सांगायचे, शशी चित्रं काढून रिकामे फुगे सोडायचा आणि पानं माझ्या टेबलावर यायची. कोण कुणाला का मारतोय ते मी चित्र बघून ओळखायचं आणि फुग्यात मावेल एवढं त्यांना बोलायला लावायचं.

मालक म्हणजे आबा. पत्रिका, हँडबिलं, कॅलेंडरं छापून पोट भरायचे आणि भोवऱ्यावर जीव टाकायचे. देवमाणूस, पण गोष्ट रचायच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. पुढच्या तीन पानांपलीकडचं त्यांना कधी दिसलं नाही. एका अंकात डॉक्टर धुरळा ह्या आमच्या खलनायकानं रंकाळ्यात बॉम्ब ठेवला. पुढच्या अंकात आबांना भूत सुचलं आणि बॉम्ब पाण्यातच राहिला. तो अजून तिथंच आहे आणि आपण सगळे त्याच्या काठावर बसून भेळ खातो. एकदा मेलेला गुंड चार महिन्यांनी मिसळ खाताना निघाला, कारण शशीला तो चेहरा आवडायचा. मी आबांना विचारलं, तर ते जरासुद्धा न अडखळता म्हणाले की जुळा भाऊ असंल. तेव्हापासून रीतच पडली. कुठं अडलं की जुळा. एकदा मी मोजायला बसले तर नऊ जुळे निघाले, त्यात एक म्हैस.

शेवट तर ठरलेलाच. आमच्याकडं खलनायक तुरुंगात जात नसे. पेठेत दोन मंडळांचं वाजलं की चार जाणती माणसं मध्ये पडतात, दोघांना समोरासमोर बसवून मिटवतात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर विषय संपतो. आबांना न्याय म्हणून तेवढाच ठाऊक. जगबुडी आणायला निघालेला डॉक्टर धुरळा शेवटच्या पानावर भोवऱ्याच्या घरी पाटावर बसलेला असायचा आणि भोवऱ्याची आई त्याला आणखी एक वाटी घे म्हणून आग्रह करायची.

ह्या धुरळ्याला शशीनं शाहूपुरीतल्याच एका कंत्राटदाराचा चेहरा दिला होता, नाकावरच्या चामखिळीसकट. एक दिवस तो कंत्राटदार गाडीतून उतरून थेट आत आला. शशी मागच्या दारानं पसार. मी म्हटलं, आता छापखाना फुटतोय. गड्यानं अंक टेबलावर आपटला आणि धुरळ्याला जुनी जीप का दिलीय म्हणून जाब विचारला. त्याच्याकडं आता मोठी पांढरी गाडी आली होती आणि तिचा फोटो त्यानं बरोबरच आणला होता. जाताना दारात थांबला आणि जरा लाजत म्हणाला, "एकदा तरी जिंकू दे की मला. घरात पोरं हसत्यात." पुढच्या अंकात गाडी बदलली. जिंकवणं काही जमलं नाही, रस्सा आडवा आला.

आमची माणसं बोलायची ती सगळी मी चोरून आणलेली. बसमध्ये, भाजी मंडईत, हळदीकुंकवाला, कान उघडेच असायचे. कागद कापल्यावर उरलेल्या पट्ट्या माझ्या पिशवीत असत. काही चांगलं कानावर पडलं की पट्टीवर उतरवून घ्यायचं. भोवऱ्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई, शब्दाला शब्द. जग वाचवून दमून आलेल्या मुलाला ती पहिल्यांदा विजारीची शिवण उसवली का ते विचारते. हे त्यांनी अंकात वाचलं आणि आठ दिवस माझ्याशी तोलूनमापून बोलल्या. नवव्या दिवशी विसरल्या आणि मला पुढच्या दोन अंकांचा माल मिळाला.

बिद्रीचे एक गुरुजी दर अंकाला पोस्टकार्ड टाकायचे. त्यात चुकांची यादी असे. पान अमुकवर भोवऱ्याच्या आईचं नाव कमल, पान तमुकवर विमल. बॉम्ब फुटला का? म्हैस परत कशी आली? एकदा त्यांनी खाली लिहिलं होतं की तुमची माणसं आमच्या घरातली वाटतात आणि गोष्ट मात्र वाऱ्यावर सोडलेली असते. आबांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य चौकट करून पुढच्या अंकात छापलं.

आता अण्णांकडं येते. अण्णा हे त्यांचं खरं नाव नव्हे. कॉमिकमध्ये ते नाव मी दिलं आणि इथंही तेच ठेवते.

अण्णा आमच्या बाइंडिंग खात्यात होते. खातं म्हणजे एक लांब टेबल, एक पिना मारायचं मशीन, एक कटिंगचं मशीन आणि अण्णा. गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला, सीमेवरच्या एका गावचे. लिंगायत, घरात कन्नड बोलणारे, आणि मराठी बोलले तरी ते कन्नडच्या चालीवर. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असून मला 'अक्का' म्हणायचे. त्यांच्या तिकडं बाईमाणसाला मानानं तसंच म्हणतात.

ते कॉमिकमध्ये आले त्याला कारण चक्कर. एवढा फिरणारा माणूस थांबला की त्याला गरगरणार, हे आबांना एकदाच काय ते सुचलेलं तर्कशुद्ध गणित. म्हणजे थांबल्यावर त्याला कुणीतरी धरायला पाहिजे. कुणी, ह्यावर शशी अडून बसला होता, तेवढ्यात अण्णा काहीतरी विचारायला दारात आले. किडकिडीत अंग, खांद्यावर टॉवेल, खळीनं पांढरी झालेली बोटं. शशीनं तिथल्या तिथं त्यांना कागदावर उतरवलं, दोन्ही हात पुढं केलेले. रिकामा फुगा माझ्याकडं आला. त्याच दुपारी माझ्या टेबलाशेजारची कागदाची थप्पी कलली होती आणि अण्णांनी धावत येऊन तिला छाती लावली होती. थप्पीलाच म्हणाले, "धरलोय की ओ, पडा आता निवांत." मी तेच लिहिलं.

काय सांगू, त्या एका फुग्यानं भोवऱ्याला खाऊन टाकलं. गल्लोगल्ली पोरं गरगर फिरायची आणि दुसरी पोरं 'धरलोय की ओ' म्हणून त्यांना मिठी मारायची. शाळा सुटली की छापखान्याच्या दारात घोळका जमायचा. हिरो दाखवा असं एकानंही म्हटलं नाही, सगळ्यांना अण्णा बघायचे असत. अण्णा टॉवेलला हात पुसत बाहेर यायचे, लाजायचे आणि एकेकाला फिरवून धरायचे. आबा आतून ओरडायचे की अंक बांधायचाय, आणि स्वतःच बघायला बाहेर यायचे.

अण्णा दर महिन्याला दोन प्रती जादा मागून घेत आणि एसटीनं गावाकडं पाठवत. घरी कोण वाचतं म्हणून एकदा जेवताना मी सहज विचारलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. घरचं कापडाचं दुकान होतं. वडील माळ्यावरचे तागे काढायला शिडीवर चढले होते, खाली शिडी धरून अण्णा उभे होते, तेव्हा विशीतले. वडील वरून पडले, कंबर मोडली, त्या अंथरुणातून पुन्हा उठले नाहीत. थोरल्या भावांनी गावभर केलं की ह्यानं शिडी सोडली. अण्णांना गाव सोडावं लागलं आणि नंतर त्या घरात त्यांना कुणी घेतलं नाही. आता मात्र पुतण्याची मुलं अंक वाचत होती, आणि हा धरणारा अण्णा आपलाच आजोबा का, असं थोरल्या भावालाच विचारत होती. दोन प्रती जात होत्या त्या एवढ्यासाठी.

"बघू दे की त्यांनी," अण्णा म्हणाले, "धरतो का न्हाय ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खोटं कशाला सांगू, डब्याचं झाकण लावताना हे वाक्य मी पट्टीवर लिहूनही घेतलं.

पुढं काही वर्षांनी लग्नपत्रिका लोकांच्या मोबाईलवर जायला लागल्या आणि आमचं मशीन दिवसदिवस गप्प राहायला लागलं. आबा भोवरा बंद करायच्या गोष्टी बोलू लागले. तेवढ्यात मुंबईहून एक मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, हातात लॅपटॉप. त्यांच्या कंपनीचं एक ॲप होतं, त्यावर हलत्या चित्रांत भोवरा आणायची त्यांची इच्छा होती. त्यांनी आमचे सगळे अंक वाचले होते, आणि त्यांचं म्हणणं गुरुजींच्या कार्डापेक्षा वेगळं नव्हतं. पात्रं सोनं आहेत, गोष्ट नाही. सहा अंकांची एक सलग, पक्की गोष्ट द्या, पुढचं आम्ही बघतो. मध्यावर एक दगा पाहिजे, आणि दगा देणारा असा पाहिजे की वाचणाऱ्याचा त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास असेल.

अण्णा तेव्हा स्टँडवर गठ्ठे पोचवायला गेले होते. शशीनं हळूच त्यांचं नाव घेतलं. मॅडमना ते फार आवडलं, पण त्यांनी लगेच विचारलं की तो असं का करेल, त्याला कारण हवं. आबांनी जुळा सुचवला. मॅडम सभ्यपणे हसल्या.

मग मी बोलले. म्हटलं, त्याच्या हातून पूर्वी एकदा शिडी सुटलेली असते.

मॅडमनी लॅपटॉपमधून मान वर केली आणि पुढं सांगा म्हणाल्या. मी सांगितलं. दुकान, माळा, वडील, भाऊ, गाव. त्यात भर घालून गावाबाहेर काढणाऱ्यांत भोवऱ्याचा बापही होता असं जोडून दिलं. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं त्या पोराला धरत आला तो एका दिवसासाठी, हात सोडायच्या दिवसासाठी. एक दोरा सुटा नव्हता. आयुष्यात मी रचलेली ती पहिली गोष्ट. आबा आ वासून माझ्याकडं बघत राहिले, शशीनं तिथंच पेन्सिल काढली. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रिकाम्या फुग्यांत शब्द कोंबणाऱ्या बाईला पहिल्यांदाच सगळ्यांनी विचारलं होतं की पुढं काय होतं.

अण्णांना सांगायचं असं आमचं ठरलं होतं बरं का. शशीचं म्हणणं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात. माझं म्हणणं, मालकांनी सांगावं. मालकांचं म्हणणं, आधी छापून तर होऊ दे. अशा रीतीनं ते छापून झालं.

इथं छापखान्याची एक गोष्ट सांगायला पाहिजे. पुस्तकाची पानं सुटी सुटी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं येतात आणि ती वाचायच्या क्रमानं नसतात. तिसऱ्याच्या शेजारी चौदावं, काही सरळ, काही डोक्यावर उभी. कागदाच्या घड्या घातल्या की ती आपोआप क्रमानं लागतात. त्या घड्या घालणारा बाइंडर गोष्ट पहिल्यांदा बघतो ती अशी तुकड्यातुकड्यांनी, उलटीपालटी.

अण्णांसमोर तो कागद आला तेव्हा मी माझ्या टेबलावर होते, मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांना हात सोडल्याचं पान आधी दिसलं. मोठं चित्र होतं, शशीनं जीव ओतून काढलेलं, मागं घेतलेले दोन हात आणि खाली पडणारा भोवरा. अण्णांचा घडी घालणारा हात थांबला. त्यांनी कागद फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला आणि शोधत शोधत त्यांना शिडीचं पान सापडलं. मग तो अख्खा कागद तसाच हातात धरून माझ्याकडं आले.

"अक्का, मी सोडलो?"

मी म्हटलं, अण्णा, ती गोष्ट आहे.

"गोष्ट व्हय," ते म्हणाले. कागद घेऊन परत टेबलाशी गेले आणि घड्या घालायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा अंक बांधला. एकाही प्रतीची पिन वाकडी बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बाई' झाले.

अंक तुफान खपला, आम्हाला तो पुन्हा छापावा लागला. गुरुजींचं कार्ड आलं, पहिल्यांदाच त्यात यादी नव्हती. गोष्ट उत्तम, एवढंच. मी ते कार्ड आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते, लाज वाटते सांगायला. इकडं दारातली पोरं यायची बंद झाली. एकदोघं आलीच तर लांबून बघून पळायची. फुटबॉलच्या मॅचला अण्णा नेमानं जायचे. त्या सीझनला एका गोलकीपरच्या हातातून बॉल सुटला आणि सगळी गॅलरी ओरडली, "आरं, अण्णा हाईस काय तू?" शशी तिथंच होता. त्यानं अण्णांना खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसताना आणि उठून जाताना बघितलं. त्या महिन्यात अण्णांनी जादा प्रती मागितल्या नाहीत. पण अंक गडहिंग्लजच्या स्टँडवर विकायला जायचाच. तिथून तो त्या घरी पोचला, पोरांनी वाचला आणि थोरल्या भावानं तो आल्यागेल्याला दाखवला, असं गावाकडच्या एकानं येऊन सांगितलं. आता तर कोल्हापूरकरांनीच छापून दिलं होतं.

मॅडमनी मध्येच नोकरी बदलली. त्यांच्या जागी आलेला माणूस फोन उचलायचा नाही, आणि काही महिन्यांनी ते ॲपच बंद पडलं.

मग मी आबांकडं गेले. जिनं जन्मभर जुळ्यांची टिंगल केली ती मी, आबांच्या टेबलापुढं उभी राहून जुळा मागत होते. म्हटलं, काहीही करा, हात सोडणारा दुसरा होता असं दाखवा. आबांनी एका पायावर होकार दिला, त्यांना सुरुवातीपासून तेच पाहिजे होतं. पुढच्या अंकात खरे अण्णा उसाच्या फडात हातपाय बांधून टाकलेले सापडले आणि दगाबाज निघाला त्यांचा जुळा भाऊ. दहावा जुळा. शशीनं सुटका झालेल्या अण्णांचा चेहरा असा काढला की मला फुगा भरवेना. वाचकांनी पोट धरधरून हसायचं ते हसून घेतलं. गुरुजींनी कार्डावर नुसतं 'हरी हरी' लिहिलं.

अण्णांनी त्याही अंकाच्या घड्या घातल्या. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, मला जुळा न्हाय," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी काही विचारलं तर व्हय, न्हाय, झालं. एवढेच तीन शब्द. छपाईच्या मशीनवाल्याशी त्यांच्या गप्पा चालायच्या, हसणं ऐकू यायचं, मी आत पाऊल टाकलं की सगळं थांबायचं. हळूहळू मशीनवालाही माझ्या पिशवीकडं बघून बोलायला लागला. घरी सासूबाईसुद्धा एकदा म्हणाल्या की तुझ्यापुढं बोलायचं म्हणजे वकील लावायला पाहिजे. कॉमिकमधल्या अण्णांच्या फुग्यात काय लिहायचं ते मला कळेना. मनानं रचून लिहू लागले. एका मुलीचं पत्र आलं की तुमचा अण्णा हल्ली शाळेतल्या बाईंसारखा बोलतो. ते पत्र मी आबांना दाखवलं नाही.

अण्णा निवृत्त होऊन लेकीकडं राहायला गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढा दिला, मलाही दिला. पुढं वर्षभरात भोवरा बंद पडला. वाऱ्यावर सोडलेल्या गोष्टींनी आम्हाला इतकी वर्षं मारलं नव्हतं, माणसं बोलायची थांबली आणि आम्ही गेलो. आता तिथं आबांचा मुलगा फ्लेक्स छापतो, शशी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे चेहरे गोरे करून देतो आणि मी घरी आहे.

हा लेख लिहायचा तर अण्णांना विचारल्याशिवाय नाही, एवढी अक्कल उशिरा का होईना मला आली होती. मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा नंबर मिळवला आणि फोन केला. मी कोण ते विचारून तिनं तो अण्णांकडं दिला. मी सगळं सांगितलं. शिडीचं, मॅडमचं, आमच्यातल्या कुणीच तुम्हाला सांगितलं नाही त्याचं. माझं चुकलं, असं म्हटलं. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं.

"लिवा की," ते म्हणाले. "एकदा छापलायसाच."

मग मी त्यांना एक विचारलं. इतकी वर्षं एका छताखाली काढली, त्यांचा प्रत्येक शब्द पट्टीवर उतरवून घेतला, त्यांच्या चालीवर महाराष्ट्रातली पोरं बोलायला लागली, पण ही एक साधी गोष्ट मी त्यांना कधी विचारली नव्हती. त्या दुपारी भाकरी मोडताना नाही, मॅडमपुढं नाही, तो कागद घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हाही नाही. मला कारण मिळालं होतं, आणखी काही लागत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी दुकानात काय झालं हो?"

ते बोलायला लागले. थोडं मराठीत, बरंचसं कन्नडमध्ये, मला जेवढं कळलं तेवढं कळलं. मध्ये लेकीनं चहाला हाक मारली तर तिला थांब म्हणाले. अर्धा-पाऊण तास बोलत होते. मला वाटतं, हे त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत माझा हात सवयीनं लिहीत होता. मग तो कागद मी फाडून टाकला आणि नुसती ऐकत बसले.

शिडीचं काय झालं ते आता मला ठाऊक आहे. संपादकसाहेब, ते तुम्हाला मिळणार नाही.